टॅब येऊ द्या, पण तुमच्या रजिस्टरमधून

‘‘गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग, अकरा कपाटं, साधारण चार हजार पुस्तकं. माजी विद्यार्थ्यांची एक बॅच शाळेला चाळीस टॅब आणि एक स्मार्ट बोर्ड देणार आहे. त्यासाठी संस्थेला ग्रंथालयाचीच खोली हवी आहे. पुस्तकं तळमजल्यावर जिन्याजवळच्या स्टोअररूममध्ये हलवायची असं चाललंय. ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं, पुस्तकं कोण वाचतो?’ असं एक पदाधिकारी माझ्यासमोर म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही, कारण मुलं खरंच फार पुस्तकं नेत नाहीत. एखादं हरवलं तर भरपाई आपल्या गळ्यात पडेल म्हणून मीही कपाटांना कुलूप ठेवते. पुढच्या महिन्यात शाळा समितीची बैठक आहे. मुख्याध्यापक म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. काय लिहू? आणि आणखी एक, संगणकातलं मला मुलांइतकंही कळत नाही.’’
– एक ग्रंथपाल, लालबाग

ताई, नमस्कार.

मुख्याध्यापकांनी ‘लेखी द्या’ म्हटलं हे फार चांगलं झालं. शाळेत ग्रंथपालाचं मत सहसा कोणी विचारत नाही. खोली रिकामी करून हवी असली की शिपायाबरोबर निरोप येतो. तेव्हा ही संधी भावनेच्या भरात घालवू नका. निवेदनात पुस्तकांच्या वासाबद्दल एक अक्षर नको, ‘वाचाल तर वाचाल’ नको, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर परिच्छेद नको. समितीतल्या मंडळींनी हे सगळं दर वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात ऐकलेलं असतं. टाळ्याही वाजवलेल्या असतात.

त्यापेक्षा टॅब मागा.

हो, स्वतःसाठी मागा. ‘हे चाळीस टॅब ग्रंथालयात दाखल करून घ्यावेत, त्यांची देवघेव ग्रंथालयातून व्हावी आणि प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका मिळावी.’ निवेदनाचा गाभा एवढाच ठेवा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला येईल.

असं का म्हणते ते सांगते. देणगीत आलेले टॅब मी बऱ्याच शाळांत पाहिले आहेत. उद्घाटनाला फुगे, फीत, फोटो. पहिलं सत्र बरं जातं. मग चार्जर सापडेनासे होतात, दोन-तीन पडदे फुटतात, कोणत्या वर्गाने फोडले यावरून स्टाफरूममध्ये कुरबुर होते, आणि संगणकाचे सर ‘नको ती कटकट’ म्हणून कुलूप लावून टाकतात. वस्तू कुणी नेली, कधी आणली, कोणत्या अवस्थेत आणली, कुणाकडे थकली, याची रोज न कंटाळता नोंद ठेवणारं माणूस शाळेत एकच असतं. देवघेव हा आपला धंदाच आहे. टॅबला दाखल क्रमांक द्या, पाठीवर लेबल लावा, चार्जरवरही तोच क्रमांक टाका आणि पुस्तकासारखाच तो मुलाच्या नावावर चढवा. संस्थेलाही हे पटेल, कारण देणगीदारांनी दोन वर्षांनी येऊन ‘आमचे टॅब कुठे आहेत?’ विचारलं तर दाखवायला काहीतरी लागतंच.

आता त्या पदाधिकाऱ्यांच्या वाक्याकडे येऊ. ‘सगळं मोबाइलवर मिळतं’ म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा माणशी एक मोबाइल असतो. तुमच्या मुलांच्या घरी काय आहे ते वर्गावर्गात जाऊन विचारा. घरात चांगला फोन एकच, तो सकाळी वडिलांबरोबर किंवा आईबरोबर कामाला जातो आणि रात्री परततो. मग डेटा संपलेला असतो, खोलीत टीव्ही चालू असतो, आणि उद्या प्रकल्पाची वही द्यायची असते. अशी मुलं किती, शाळा सुटल्यावर अर्धा तास शांत बसायला जागा नाही अशी किती, एवढे दोनच आकडे इयत्तावार काढा आणि निवेदनाला जोडा. नावं लिहू नका, नुसते आकडे. स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये शाळांतल्या छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेल. खरी आहे. पण समितीत ती काढलीत तर ‘स्वीडन कुठे, लालबाग कुठे’ म्हणून विषय हसण्यावारी जाईल. आपल्याच शाळेच्या आकड्याला कोणी हसत नाही.

आता कुलपाबद्दल. ते तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून स्पष्ट बोलते. बंद कपाटातलं पुस्तक कोण मागणार? काय आहे हेच मुलांना दिसत नाही. बैठकीत कोणी देवघेव रजिस्टर मागवलं आणि गेल्या वर्षीची पानं कोरी निघाली, तर तुमचं निवेदन तिथेच संपलं. म्हणून बैठकीपर्यंतच्या दिवसांत निदान तीन कपाटं उघडी करा. दारं काढता आली तर काढूनच टाका. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं खोली उघडी ठेवा आणि प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांना वाचनालय मंत्री करा. त्यातला एक मागच्या बाकावरचा हवा. हुशार मुलांना शाळेत पुष्कळ पदं असतात.

भरपाईच्या भीतीवरही उत्तर आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) ग्रंथालयांसाठी स्वतंत्र नियम आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, असं तो सांगतो. त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसला म्हणजे झालं. हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची मात्र चौकशी होते. हा नियम तुमच्या संस्थेवर थेट बंधनकारक नाही. पण दिल्लीतली मोठमोठी सरकारी ग्रंथालयं ज्या हिशेबाने चालतात तो आपल्याला का चालू नये, असं मुख्याध्यापकांना विचारता येतं. त्यांच्याकडून एका ओळीचा ठराव लिहून घ्या. कागद हातात आला की किल्ली सोडवेल.

खोलीचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. चाळीस टॅब उभे लावले तर चार्जिंगसकट एका कपाटात मावतात. त्यांना अख्खी खोली कशाला? जागा अडते ती आपल्याच पसाऱ्याने. चार हजारांपैकी किती पुस्तकं जिवंत आहेत ते एकदा प्रामाणिकपणे बघा. जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, गाइडं, फ्लॉपी डिस्कचं चित्र असलेली संगणकाची पुस्तकं, तेलंगण नसलेले नकाशे, प्लूटोला ग्रह म्हणणारं खगोलशास्त्र. (प्लूटोला २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून काढलं. त्या पुस्तकाची एक प्रत मात्र ठेवा, छापलेलंही जुनं होतं हे मुलांना दाखवायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही.) बाकीच्यांचं रीतसर निर्लेखन करा, म्हणजे ती नोंदीतून कमी करा: यादी, समितीच्या सह्या, मुख्याध्यापकांची मंजुरी, दाखलनोंदवहीत लाल शाईने शेरा. तुमच्या कपाटांत मी डोकावलेलं नाही, पण शाळांच्या ग्रंथालयांचा जो अनुभव आहे त्यावरून अकराची सात-आठ कपाटं होतील असा माझा अंदाज आहे. मधे दोन लांब टेबलं बसतील. स्मार्ट बोर्ड मात्र या खोलीत घेऊ नका. तो आला की खोलीचं थिएटर होतं, मुलं एकाच दिशेला तोंड करून बसतात आणि वाचणारा मधेच उठून जातो. तो आठवी-नववीच्या एखाद्या वर्गात लावू द्या. संस्थेला फीत कापायला तेवढं पुरे आहे.

आणि तळमजल्यावरची स्टोअररूम? पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या आसपास जुलैत काय होतं हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. पाणी नाही शिरलं तरी ओल येतेच. ओलीबरोबर बुरशी, बुरशीमागून कसर. डांबराच्या गोळ्यांनी कपड्यांची पेटी वाचते, चार हजार पुस्तकं वाचत नाहीत. एवढं एका वाक्यात लिहा. शिक्षण हक्क कायद्याचा (२००९) मुद्दा निवेदनात न लिहिता मुख्याध्यापकांना आधी खासगीत सांगा. त्या कायद्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय हवं याची यादी आहे, आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांवरची पुस्तकं असावीत, असं तीत स्पष्ट म्हटलंय. तुमच्या शाळेचे पाचवी ते आठवीचे वर्ग त्यात येतात. भर बैठकीत कायदा काढला की माणसं दुखावतात. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये काढला तर तेच तो तुमच्या बाजूने वापरतात.

आता खरा मुद्दा. तासिका मिळाली तर तिच्यात करायचं काय?

इथे बहुतेक ग्रंथपाल डगमगतात. ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की आपल्याला वाटतं, टॅबवर पुस्तकं वाचायला द्यायची. तसं करू नका. स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत सुमारे १ लाख ७० हजार वाचक होते. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो जास्त समजला होता. फरक प्रचंड नव्हता, पण माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना तो स्पष्ट दिसला. गोष्टींमध्ये दिसला नाही. आपल्या शाळांत नेमका उलटा कारभार चालतो, धडे पडद्यावर आणि गोष्टी कागदावर. तुम्ही पडदा शोधायला वापरा. सापडलेलं सविस्तर वाचायची वेळ आली की पुस्तक किंवा छापलेली दोन पानं हातात द्या.

शोधणं शाळेत कोणीच शिकवत नाही. मराठीच्या बाई निबंध शिकवतात, विज्ञानाचे सर प्रयोग. ‘प्रकल्प करून आणा’ सगळेच सांगतात, पण माहिती शोधायची कशी हा धडा कोणत्याच विषयात नाही. तो तुमचा. आठवीच्या एका तासाचा नमुना देते.

फळ्यावर प्रश्न लिहा: भारतातली पहिली रेल्वे कधी धावली? वर्गाचे तीन गट करा. एकाकडे पुस्तकं, एकाकडे टॅबवर गूगल, एकाकडे टॅबवर मराठी विश्वकोश, जो इंटरनेटवर मोफत आहे. पाच मिनिटांत तिन्हीकडून एकच उत्तर येईल: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. मुलं खूष, कारण आपली मुंबई पहिली. मग फळ्यावरच्या प्रश्नात दोन शब्द घाला, ‘मालगाडीसुद्धा धरून’, आणि पुन्हा शोधायला सांगा. आता गडबड होते. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये रस्त्यासाठी दगड वाहणारी रेल्वे होती. रुरकीजवळ गंगा कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये माती वाहायला इंजिन लावलं होतं. आपली १८५३ ची गाडी प्रवाशांची पहिली. ‘मग पुस्तकात चुकीचं आहे का?’ हे कोणीतरी विचारणारच. तिथे घाई करू नका. प्रश्न जसा विचारला तसं उत्तर आलं, हे मुलांना स्वतः सापडू द्या. उरलेल्या वेळात त्या गाडीला डबे किती होते आणि माणसं किती बसली होती ते शोधायला लावा. चौदा डबे आणि चारशे प्रवासी असं उत्तर यायला हवं. सांगणारं पान कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय आणि दुसऱ्या कुठल्या ठिकाणी तेच सापडलं, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीशिवाय उत्तर धरायचं नाही. प्रकल्पाच्या वहीतही हीच चिठ्ठी चिकटवायची असं इतर शिक्षकांशी ठरवून घेतलंत, तर वर्षभरात तुमच्या ग्रंथालयाचा शाळेतला भाव बदलेल.

अनोळखी संकेतस्थळ खरं की खोटं, हे मुलं त्याच पानावर बसून ठरवतात. पान नीटनेटकं दिसतं, वर बोधचिन्ह आहे, म्हणजे खरं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना तीच संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापकसुद्धा फसले. तपासनीस फसले नाहीत, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसरी खिडकी उघडून त्या संकेतस्थळाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं. स्थळाची चौकशी आपण मुलाच्या घरी जाऊन करत नाही, शेजारीपाजारी आणि गावात करतो. मुलांना असं सांगितलंत तर पुन्हा समजवावं लागणार नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल समितीत कोणीतरी नक्की विचारेल, कारण सध्या सगळेच विचारतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीच्याच अटींप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, आणि अठराखालच्यांना पालकांची परवानगी लागते. म्हणून मुलांच्या हाती सरसकट देऊ नका. त्या तासाला वर्ग स्मार्ट बोर्डाच्या खोलीत न्या आणि प्रश्न तुम्ही विचारा: ‘गिरणी कामगारांच्या संपावरची पाच मराठी पुस्तकं सांग.’ नावं, लेखक, कधी कधी प्रकाशकसुद्धा झटक्यात येतात. आता खेळ सुरू. ही पुस्तकं खरंच आहेत का? आपल्या दाखलनोंदवहीत बघा, पुस्तकांच्या दुकानांच्या संकेतस्थळांवर बघा, आणि शनिवारी चार मुलांना घेऊन नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारा. लालबागहून ते फार लांब नाही आणि १८९८ पासून पुस्तकं जमवतंय. काही नावं खरी निघतील. काही कदाचित कुठेच सापडणार नाहीत, कारण हे यंत्र दर वेळी पुस्तकांच्या यादीत बघून उत्तर देतंच असं नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याच्या अंदाजाने वाक्य जुळवतं, आणि त्या अंदाजात न लिहिलेलं पुस्तकही छान शोभून जातं. मुलांनी हे एकदा स्वतः पकडलं की तुमच्या जाड रजिस्टरकडे ती वेगळ्या नजरेने बघतात. दाखल क्रमांक आहे म्हणजे पुस्तक आहे. यंत्राकडे तसा पुरावा नसतो.

संपाचा विषय मी मुद्दाम काढला. तुमच्या शाळेत असं एक ग्रंथालय उभं राहू शकतं जे दुसरीकडे कुठे मिळणार नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले काही जण अजून तुमच्या शाळेसमोरच्या चाळीत सकाळी पेपर वाचत बसलेले असतील. टॅबचं सगळ्यात चांगलं काम इथे आहे. नववीच्या मुलांना जोडीने पाठवा, आजोबांशी किंवा खानावळ चालवलेल्या आजींशी वीस मिनिटं बोलायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगा. पाळ्या कशा असायच्या, भोंगा कितीला व्हायचा, साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवताना बोलायचं कसं, संपात घर कसं चाललं. रेकॉर्डिंगची नोंद तुम्ही पुस्तकासारखीच करा: बोलणाऱ्याचं नाव, गिरणी, तिथलं खातं, तारीख, कोणी नोंदवलं, आणि ‘शाळेत ऐकवायला हरकत नाही’ अशी त्यांची सही. सहीशिवाय एकही फाइल ठेवू नका. पुढच्या वर्षी कोणी हौसेने ती समाजमाध्यमांवर टाकेल आणि आजोबांच्या मुलाला ते आवडणार नाही. पन्नास रेकॉर्डिंग जमली की एखादा संशोधक तुमचा पत्ता विचारत येईल. तेव्हा समितीत खोलीचा विषय कोण काढतंय ते बघू.

टॅबवर काय भरून ठेवायचं हे थोडक्यात सांगते, कारण यादी लांबवली की कोणी उघडत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत आणि पाचवी-सहावीची मुलं त्यात रमतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, त्यांचा परवाना मोकळा आहे, म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, कोणी काही म्हणणार नाही. दहावीच्या मुलांना आयआयटी खरगपूरने उभारलेलं नॅशनल डिजिटल लायब्ररी दाखवून ठेवा. शाळेचं इंटरनेट दुपारी झोपतंच, तेव्हा जे उतरवता येईल ते सकाळीच उतरवून घ्या.

कुठलंही ॲप मुलाचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर मागायला लागलं की थांबा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांच्या संमतीचा आग्रह धरतो. फुकट ॲप घेऊन शाळेत येणाऱ्या विक्रेत्यांना हे ऐकवलंत तर निम्मे परत फिरतील. टॅबवर शाळेचं एकच खातं ठेवा.

‘संगणकातलं मला मुलांइतकंही कळत नाही.’ खरं असेल, पण तुम्ही समजता तितकं अडत नाही. मुलांना बोटं चालवता येतात. कोणती माहिती कुठे असते आणि ती कुठल्या शब्दाखाली सापडेल, हे तुम्ही वर्गीकरण करताना वर्षानुवर्षं केलंय. बटण कुठलं ते त्यांना विचारा, शोधायचा शब्द तुम्ही सांगा.

तुम्ही स्वतः शिकायची गोष्ट एकच: दाखलनोंदवही संगणकावर उतरवणं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं कोहा किंवा सरकारच्या एनआयसी या संगणक विभागाचं ई-ग्रंथालय, या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या नादी सध्या लागू नका. दोन्ही चांगली आहेत, पण ती बसवून चालती ठेवायला जाणकार माणूस लागतो आणि अर्धवेळ नोकरीत ते जमत नाही. एक्सेलसारखा साधा तक्ता घ्या. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, कपाट. सगळ्या नोंदी युनिकोड देवनागरीत करा. शाळेचा क्लार्क जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून द्यायला तयार असेल, तर गोड बोलून नकार द्या. त्या फॉन्टमधलं अक्षर डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाला ते निराळंच काही वाटतं. ‘पक्षी’ शोधलं तर शून्य पुस्तकं सापडतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ‘विषय’ या रकान्यात मुलं वापरतात ते शब्दही टाका. ‘खगोलशास्त्र’ लिहाच, शेजारी ‘ग्रह, तारे, अवकाश’ही लिहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुलं करणारच, तेव्हा नेहमी चुकणाऱ्या शब्दांची दोन्ही रूपं घालून ठेवा. मराठीच्या बाई नाराज होतील, होऊ द्या. नोंदी करायला नववीतली चार मुलं पुष्कळ झाली. रोज वीस पुस्तकं झाली तरी निर्लेखनातून उरलेला संग्रह वर्षभरात आटपतो.

शेवटी देणगीदारांबद्दल. निवेदन समितीला द्याच, पण त्या बॅचमधल्या एक-दोघांना बैठकीच्या आधी शाळेत चहाला बोलवा. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काहीतरी करायचं असतं, आणि दुकानदाराने टॅब सुचवलेले असतात. ग्रंथालयाला खोलीबाहेर काढून आपलं नाव लागणार आहे, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलंही नसेल. त्यांना तीन गोष्टी विचारा. टॅब चाळीसऐवजी तीस चालतील का? उरलेल्या पैशांतून उघड्या मांडण्या, चार्जिंगची सोय आणि टॅबची कव्हरं होतील का? आणि दर वर्षी जूनमध्ये ठरावीक रक्कम पुस्तकांसाठी देता येईल का? तिसऱ्याला हो म्हणाले, तर त्यांच्यातल्या एकाला आणि सातवी-आठवीच्या सहा मुलांना घेऊन दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जा. पुस्तकं मुलांनी निवडायची, बिल त्यांनी भरायचं. मुलांनी भुताच्या गोष्टी आणि क्रिकेटच निवडलं तरी मधे बोलू नका.

निवेदन एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. आकडे वेगळ्या कागदावर जोडा. मसुदा पाठवलात तर बैठकीआधी बघून परत धाडीन.